भुसावळची रेल्वे कॉलनी एवढी सरमिसळ कशी झाली? (आणि आजीच्या डब्यातला कंगवा)

चाळकरीण:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं आजोळ भुसावळ. आईचे वडील रेल्वेत होते, आधी फायरमन मग मालगाडीचे ड्रायव्हर, १९८१ ला रिटायर झाले. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे, घरात अहिराणी, पण आईचं सगळं लहानपण रेल्वेच्या चाळीत गेलं आणि ती त्या चाळीचं इतकं सांगते की कधी कधी वाटतं ही बाई अजून तिथून निघालेलीच नाहीये. एका ओळीत आठ क्वार्टर. पहिल्या घरात तेलुगू, शेजारी लेवा पाटील, मग मुसलमान फिटर, मग यूपीचे पंडितजी, एक बौद्ध कुटुंब, एक तामिळ तिकीट तपासनीस, मग आम्ही, आणि टोकाला कायम बदलणारं एक घर. "नळावरचं भांडण अहिराणीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं" हे तिचं आवडतं वाक्य.

मी पुण्यात राहते. सोसायटीत १२० फ्लॅट, ग्रुपवर पार्किंग आणि टँकर सोडून तिसरा विषय नाही, आणि समोरच्या दारातल्यांचं आडनाव मला पाटीवरून माहितीये. त्यामुळे आई सांगते ते खरं होतं का आठवणीत गोड झालंय हेच कळत नाही. प्रश्न असा की हे एवढे सगळीकडचे लोक एकाच ओळीत कोणी आणून बसवले? रेल्वेचं काही धोरण होतं का आपोआप झालं? मागच्या वर्षी आईला घेऊन गेले तर चाळच नाही, पाडलीये. मोकळी जागा, बाभळी, आणि नळाचा सिमेंटचा ओटा तेवढा राहिलाय. आई त्याच्यावर बसली दहा मिनिटं आणि मग म्हणाली चल, ऊन लागतंय.

आता दुसरी गोष्ट, हसू नका. आजी २०१९ ला गेली. यंदा दिवाळीला आईने तिचा फराळाच्या साहित्याचा पितळी डबा पहिल्यांदा उघडला. सोऱ्या, शंकरपाळ्याचं कातण, करंजीचा साचा, आणि तळाशी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला जाड दातांचा एक कंगवा. केसाला कधीच न लावलेला, अगदी स्वच्छ. आमच्या आजीच्या सोवळ्यात केसाचा कंगवा स्वयंपाकघरात येणंच शक्य नव्हतं, तर मग फराळाच्या डब्यात कसा? आई धाकटी, तिला काही आठवत नाही. कोणाला काही सुचतंय का?


निवृत्त लोको:

चाळकरीण ताई, तुमचे आजोबा ८१ ला रिटायर म्हणजे मी त्यांच्या हाताखाली नक्की कधीतरी फावडं मारलं असणार. मी ६८ ला खलाशी म्हणून लागलो, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, ड्रायव्हर अशी एकेक पायरी चढत शेवटी मेलवर गेलो.

आधी हे सांगतो की भुसावळच का. मुंबईहून थळ घाट चढून आलेली लाईन भुसावळला फाटते, एक फाटा अकोला बडनेरा करत नागपूरला जातो आणि दुसरा तापी ओलांडून बऱ्हाणपूर खंडवा इटारसीवरून जबलपूरला. जुनी रेल्वे कंपनी म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), तिने नागपूरची लाईन १८६७ ला पुरी केली आणि जबलपूरची १८७० ला, त्याच वर्षी मुंबई ते कलकत्ता रेल्वे जोडली गेली. म्हणजे मुंबईहून कलकत्त्याला जाणारा साहेब असो नाहीतर खान्देशातली कापसाची गठडी असो, भुसावळवरूनच जाणार. आणि कोळशाचं इंजिन काही एका दमात नागपूरला पोचत नाही, त्याला पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढावी लागते आणि आतला माणूसही भाजून निघालेला असतो, तोही बदलावा लागतो. पाण्याला तापी जवळ. म्हणून इंजिनांची शेड इथे, कारखाना इथे, यार्ड इथे. त्याआधी भुसावळ एक साधं खेडं होतं.

आता माणसं. रेल्वे चालवायचं काम इथे कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे ज्याला जे येतं तो तिथून आला. ड्रायव्हर आणि गार्ड आधी इंग्रज, मग अँग्लो इंडियन. हापिसात गोवेकर, पारशी, मद्रासी, पुण्याकडचे ब्राह्मण. शेडमध्ये यूपीवाले, तेलुगू, बऱ्हाणपूरचे मुसलमान. लाईनीवर आपले इकडचे लोक, महार, भिल, तडवी. मग बापाच्या जागी पोरगा, पोराच्या ओळखीने साडू, असं ते वाढत गेलं.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर ऐकून निराश व्हाल. धोरण बिरण काही नाही, क्वार्टरची लिस्ट! नोकरी किती वर्षं झाली, ग्रेड कोणती, त्याप्रमाणे नंबर लागायचा आणि जे घर रिकामं झालं ते घ्यायचं, शेजारी कोण आहे हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर नंबर मागे. शिवाय रनिंगवाल्यांना, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हर, फायरमन, गार्डांना, शेडपासून फार लांब ठेवता यायचं नाही, कारण फोन नव्हते. कॉलवाला रात्री दोनला सायकलवर वही आणि कंदील घेऊन यायचा, दार वाजवायचा, वहीत सही घ्यायचा, मग दोन तासांत हजर व्हायचं. तो एका दाराला यायचा आणि जागी पूर्ण ओळ व्हायची. तामिळ अण्णाची बायको, पंडिताची बायको, सगळ्यांना माहीत असायचं आज कोणाचा माणूस बाहेर आहे आणि किती वाजता परतणार. पोराला रात्री ताप भरला तर शेजारीच दार ठोठवावं लागायचं, कारण नवरा इटारसीला रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत, झोपलेला. तुमची आई खरं सांगते, त्यात आठवणीची साखर कमी आहे.

कंगव्याचं नाही माहीत. आमची ही म्हणते उवा असतील, पण उवांचा बारीक दातांचा असतो.


खडका रोड:

लोको काकांनी कॉलवाल्याचं लिहिलं आणि मी हापिसात बसून रडले. माझे अब्बा फिटर होते. तुमच्या आईच्या ओळीतले नसतील कदाचित, पण प्रत्येक ओळीत एक मुसलमान फिटर असायचाच हे खरंय 😄

मला लोक विचारतात तुझी मराठी एवढी चांगली कशी, अरे बाबा कॉलनीत राहून कोणती भाषा चांगली नाही होणार? घरी आमची खान्देशी उर्दू, तीही पुस्तकातली नाही, "मेरेकू नको बोल, तूच जा भो" असली. त्यातला "भो" आम्ही पण वापरायचो, अजून वापरतो, मुंबईत एका इंटरव्ह्यूला मी चुकून साहेबाला म्हणाले होते. शेजारच्या तेलुगू अम्माकडून शिव्या शिकलो, समोरच्या लेवा काकूंकडून म्हणी.

रमजानमध्ये शेडच्या भोंग्याचा गोंधळ व्हायचा. आमच्या घरातले म्हातारे दादा अर्धे बहिरे, त्यांना शिफ्टचा भोंगा तेवढा ऐकू यायचा, आणि एकदा त्यांनी त्याच भोंग्यावर रोजा सोडला, वीस मिनिटं आधी. शेजारचे पंडितजी म्हणाले "चाचा, सरकारी भोंगा है, ऊपरवाला मान लेगा." अब्बा हे मरेपर्यंत सांगायचे.

आणि ३१ डिसेंबर! रात्री बाराला शेडमध्ये उभी असतील तेवढी सगळी इंजिनं एकदम शिट्टी द्यायची. फटाके वगैरे कोणाकडे नव्हते. आम्ही पोरं गोधड्या घेऊन बाहेर खाटेवर बसून वाट बघायचो. पुढे कोळशाची इंजिनं गेली, डिझेल आणि इलेक्ट्रिकचे हॉर्न वाजतात पण त्याला ती शिट्टीची मजा नाही.


तावडी भो:

भो, सगळे कॉलनीचं सांगू राह्यले, गावाचं कोन सांगीन?

आम्ही रुळाच्या अलीकडचे. आमच्या आज्याची जमीन यार्डाच्या कडेला. कॉलनीवाले आम्हाले "गाववाले" म्हनायचे आनि आम्ही त्यायले "रेल्वेवाले". हद्दीवाली चाळ म्हनून चाळ व्हती, नावातच हद्द आहे बघा. हद्दीच्या तिकडे नळाला पानी, रस्त्याला दिवा, दवाखाना, शाळा, सिनेमा बी दाखवायचे इन्स्टिट्यूटमधी. हद्दीच्या इकडे आम्ही, विहीर आनि कंदील. म्हनून ते सगळे मिळून मिसळून राहायचे हे खरं, पन आमच्यासाठी ती सगळी एकच जात व्हती, पगारवाले!

दूध मात्र आमचंच प्यायचे. आजी डोक्यावर चरवी घेऊन साहेबांच्या पंधरा बंगला वस्तीपासून चाळीपर्यंत रतीब घालायची. तिले मोडकं इंग्रजी येत व्हतं, "मिल्क फुल, पैसा हाफ, नो गुड मेमसाब". केळीचे घड बी. आजही सावदा, निंभोरा, रावेरहून केळी दिल्लीकडे जाते, तो माल भरायले यूपीचे लोक आले ते इथलेच झाले.

आनि थंडीत भरीत पार्टी. ती तर गाववाल्यांनीच कॉलनीवाल्यायले शिकवली. बामनोदची वांगी, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, वरून कांद्याची पात न् तेल, संगं कळन्याची भाकर नाहीतर पुऱ्या. बापाचा एक मद्रासी साहेब पहिल्यांदा शेतात आला तं म्हने चमचा कुठे आहे. तिसऱ्या वर्षी तोच मिरच्या किती टाकायच्या ते सांगत व्हता.

कंगव्याबद्दल माफी. आमच्या घरी कंगवा एकच व्हता, आठ जनांत.


निळी पाटी:

सगळं छान चाललंय, मिठाचा खडा टाकतो, राग मानू नका.

माझे पणजोबा गँगमन (रुळाची देखभाल करणारे), आजोबा गँगमन, वडील पॉइंट्समन (रुळाचे सांधे बदलणारे), मी बँकेत. चार पिढ्यांत रेल्वेने आम्हाला जेवायला घातलं, ते नाकारत नाही. पण "लिस्टप्रमाणे घर मिळायचं, कोणी विचारायचं नाही" हे लोको काकांचं म्हणणं अर्धं आहे. लिस्टमध्ये यायला आधी ग्रेड लागते. आणि ग्रेड कोणाला मिळायची?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला आपल्याच लाईनीवर मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असं ते बोलले ते याच भाषणात. लोक तेवढंच सांगतात, पण त्याच भाषणात एक बारीक मुद्दा आहे तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमनच का राहतो, साधा पोर्टरही का होत नाही? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं कामही करावं लागतं, आणि मास्तर सवर्ण, त्याला घरात आमचा माणूस चालत नाही. म्हणजे कुठे लिहिलेला नियम नाही, तरी जागा बंद. कारखान्यातही तसंच, जिथे दुसऱ्यांच्या बरोबरीने उभं राहायचं तिथे दार लावलेलं.

पणजोबांना क्वार्टर नव्हतं. लाईनीच्या कडेला रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची झोपडी. चाळीत घर मिळालं ते वडिलांना, साठच्या दशकात. तेव्हा शेजारी चांगले होते का? होते. आईला बाळंतपणात शेजारच्या काकूंनी सव्वा महिना जेवण पुरवलं. पण त्याच काकू आमच्याकडचा डबा "आज उपास आहे गं" म्हणून परत करायच्या, आठवड्यातले सगळे वार उपास! मी लहान होतो, मला वाटायचं किती देवभोळी बाई.

चाळकरीण ताई, तुमच्या आईला एवढंच विचारा की आठ घरांत दिवाळीची ताटं कुठून कुठे जायची आणि परत येताना काय घेऊन यायची.


निवृत्त लोको:

निळी पाटी भाऊ, राग कसला. तुम्ही बोललात तर मीही सांगतो. ६९ साली मी एका बाहेरगावच्या स्टेशनच्या रनिंग रूममध्ये पहिल्यांदा मुक्काम केला, तिथे पाण्याचे दोन माठ होते. मी विचारलं दोन का, तर स्वयंपाकी म्हणाला एक गार होतो एक होत नाही. मी मूर्खासारखं मान हलवली. वर्षभराने कळलं. आणि कळल्यावरही मी काही केलं नाही, नवीन नोकरी होती, हे पण लिहून टाकतो.

आणि दुसरीकडे ७४ चा संप. ८ मे ते २७ मे, वीस दिवस, देशभर. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते, पण आमच्या चाळीत पुढारी नळ होता, सगळ्या बातम्या तिथे. भुसावळचा मे तुम्हाला माहितीये, दुपारी पत्रा हाताला चिकटतो. पोलीस रात्री यायचे आणि रनिंगवाल्याला उचलून गाडी चालवायला न्यायचे, नाही म्हटलं तर आत, वरून क्वार्टर खाली करा म्हणून नोटीस. म्हणून आम्ही सगळे पळालो. कुठे? यावलकडच्या केळीच्या बागांत, तावडी भो यांच्या गाववाल्यांच्या शेतात! केळीत गारवा असतो आणि दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. आम्ही सात जण होतो, त्यात दोन मुसलमान, एक बौद्ध, एक तेलुगू, एक पंडित, आणि एक तडवी ज्याचा मामेभाऊ तिथे सालदार होता, म्हणून तर जागा मिळाली. एकाच पातेल्यात खिचडी. पंडित चार दिवस उपाशी राहिला, केळ्यांवर काढले, पाचव्या दिवशी जेवला. संप संपल्यावर चाळीत परत आल्यावर पुन्हा त्याचं सोवळं सुरू झालं, पण त्या सहा जणांच्या घरी मात्र तो चहा प्यायचा, आयुष्यभर. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं.

आणि चाळीत बायका एकट्या. नोटीस घेऊन माणूस आला की आठही दारांना कुलूप आणि सगळ्या बायका एकाच घरात. कोणत्या घरात ते रोज बदलायचं. कामावर गेलेले पण होते, त्यांच्याशी पुढे कित्येक वर्षं लोक बोलले नाहीत, लग्नाला नाही, मौतीला पण नाही. त्या अबोल्यापुढे जातीपातीच्या भिंती लहान वाटाव्यात इतका तो कडक होता.


पापड आणि पकवान:

आमचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी सिंधी कॉलनीतला. आजोबा १९४७ ला कराचीहून बोटीने मुंबईला, तिथून कल्याण कॅम्पला (तोच १९४९ ला उल्हासनगर झाला), आणि मग कोणीतरी सांगितलं भुसावळला पगाराच्या तारखेला बाजार भरतो. एवढ्या एका माहितीवर ते आले! कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून चाळीचाळीत फिरायचे, उधारीवर. वहीत नावं नाहीत, सगळी ड्युटी लिहिलेली, "काळा गार्ड", "उंच फिटर", "मद्रासी तिकीटवाला". पगार सात तारखेला, आजोबा आठला दारात. ७४ च्या संपात त्यांनी वसुलीला जायचं थांबवलं, दानधर्म म्हणून नाही हं, ते स्वतः सांगायचे की "गिऱ्हाईक मेलं तर वही कोणाला दाखवू". आम्हाला रेल्वेचं क्वार्टर कधी नव्हतं, आमची लिस्टच वेगळी. पण माझं सगळं शिक्षण भुसावळच्या पगारावर झालंय असं म्हणायला हरकत नाही.

एक सांगतो, रेल्वेसोबत संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी पण माणसं आणली. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ ची, वरणगावची त्यानंतरची, आणि मग दीपनगरचं वीज केंद्र. बंगाली, मल्याळी, पंजाबी बरेचसे त्यातून आले. कॉलनी म्हणजे फक्त रेल्वे असं नाही.


मेलबर्नकर खान्देशी:

कंगवा! कंगवा मला माहितीये!! बाकी सगळं वाचायच्या आधीच उत्तर टाइप करायला घेतलं होतं.

थांबा, नीट सांगतो. मी जळगावचा, गेली अकरा वर्षं मेलबर्नमध्ये, डँडेनाँगच्या जवळ. हा इथला सगळ्यात मिश्र भागांपैकी एक, एका रस्त्यावर अफगाण दुकानं, दुसऱ्या रस्त्यावर आपली. चाळकरीण ताई, तुम्ही विचारलंत ना की एवढे लोक एका ओळीत कोणी आणून बसवले, इथेही उत्तर तेच, कारखाने होते, काम होतं, घरं स्वस्त होती.

तर इथे अँग्लो इंडियन मंडळी भरपूर. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी एका चर्चच्या विक्रीत मी काउंटरवरच्या आजींना कुठले म्हणून विचारलं, त्या म्हणाल्या "यू वोन्ट नो इट, अ रेल्वे प्लेस, भुसावळ." मी जळगाव म्हटल्यावर त्यांनी जे हिंदी सुरू केलं ते थेट खडका रोड ताईंचं हिंदी, "अरे तो पहले बोलनेका ना". वय ऐंशीच्या पुढे. वडील मेल ड्रायव्हर, घर बंगल्याच्या बाजूला, पण लहानपणी आधी चाळीजवळ होत्या म्हणे.

हे लोक का गेले याला एक कायद्याचं कारण आहे जे बहुतेकांना माहीत नसतं. घटनेचं कलम ३३६. रेल्वे, कस्टम, पोस्ट आणि तार खात्यात अँग्लो इंडियनांना इंग्रजांच्या काळात जे झुकतं माप होतं ते पहिली दोन वर्षं तसंच ठेवलं, मग दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी, आणि दहा वर्षांनी बंद. म्हणजे १९६० ला संपलं. ज्या घरात तीन पिढ्या मुलगा झाला की तो ड्रायव्हर किंवा गार्ड होणार हे ठरलेलं, तिथे एकदम काहीच ठरलेलं राहिलं नाही. त्यातच ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांनाच घ्यायचे नियम १९६६ ला सैल केले आणि १९७३ ला ते धोरणच संपवलं. म्हणून त्या दहाएक वर्षांत भुसावळसारख्या गावांतून घरंच्या घरं रिकामी झाली. या आजी ६८ ला आल्या.

आता कंगवा. त्यांच्या टेबलावर कुलकुल होते. मैद्याच्या छोट्या गोळ्या, कंगव्याच्या नाहीतर काट्याच्या पाठीवर दाबून पातळ करायच्या आणि गुंडाळायच्या, म्हणजे त्याच्यावर रेघा उठतात आणि शिंपल्यासारखा आकार येतो. मग तळून साखरेच्या पाकात घोळवायचं. नाताळाच्या आधी सगळं घर गोल करून बसतं आणि प्रत्येकाला नवा कंगवा, तो फक्त कुलकुलासाठी, केसाला लावला तर मार. जाड दातांचाच लागतो, बारीक दातांत कणीक अडकते.

तुमच्या आजीच्या शेजारी कोणी ख्रिश्चन होतं का?


खडका रोड:

हो!! कुलकुल! आमच्याकडे पण यायचे, नाताळला, मी त्यांना चुकून "खुलखुल" म्हणायचे. अंगावर काटा आला.


निळी पाटी:

कंगव्याने मला गप्प केलं, हे कबूल 🙂 पण तो कंगवा डब्याच्या तळाशी आणि फडक्यात का होता हेही बघा. ताईंच्या आजोबांच्या घरच्यांना समजलं असतं तर चाललं असतं का? असो. आमच्या घरी पण कोणाकडून तरी शिकलेली एक गोष्ट आहे, आई सांबार करायची, तामिळ अण्णांच्या बायकोकडून, आणि आम्ही ते भाकरीशी खायचो. तिने कधी आमचा डबा परत केला नाही.


चाळकरीण:

सगळ्यांना एकदमच उत्तर देते, तीन दिवसांपासून वाचतेय आणि आईला वाचून दाखवतेय.

निळी पाटी दादा, तुमचा प्रश्न आईला विचारला. ती आधी पटकन म्हणाली "सगळीकडे जायचं ताट". मग भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली बौद्धांच्या घरी जायचं पण तिथून आलेलं आजी पोरांना द्यायची, स्वतः खायची नाही, आणि आजोबा खायचे. आणि पुढे म्हणाली की त्या मावशींना हे माहीत होतं, म्हणून त्या फक्त लाडू पाठवायच्या, भाजी कधीच नाही. एवढं बोलून ती आत गेली. मला हे आधी कधीच सांगितलं नव्हतं तिने.

लोको काका, ७४ चं वाचताना आई म्हणाली आजोबा पण केळीत होते! कोणत्या शेतात ते तिला माहीत नाही. तुमच्या त्या सात जणांत एखादा शिंदखेड्याचा, कानात भिकबाळी असलेला होता का हो?

आणि कंगवा. मेलबर्नकर, तुमचं वाचून मी लगेच मोठ्या मामाला फोन लावला, तो नाशिकला असतो, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मी नुसतं कंगवा म्हटलं तर फोनवर हसायलाच लागला. म्हणे "अगं, त्या गोड शिंपल्या!" आजीने त्याला कुलकुल हे नाव कधीच लावलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला सापडणार तरी कसं. टोकाचं जे बदलणारं घर होतं ना, तिथे आई खूप लहान असेपर्यंत एक गार्डसाहेब होते, त्यांच्या मिसेसना पोरं आंटी म्हणायची. आंटीने आजीला शिंपल्या शिकवल्या, आजीने आंटीला पुरणाचे मांडे, खापरावरचे, आणि आंटीचा पहिला मांडा थेट चुलीत पडला होता म्हणे. ते लोक कुठे गेले मामाला माहीत नाही, "बोटीने गेले" एवढंच. जाताना आंटीने हा कंगवा दिला. आजीने पुढे दोन-तीन वर्षं दिवाळीत शिंपल्या केल्या आणि मग बंद केल्या. का ते त्याने विचारलं नाही, तो तेव्हा हॉस्टेलला गेला होता.

आईने कंगवा गरम पाण्यातून काढून वाळत ठेवलाय आणि मी मैदा आणलाय. मामा म्हणतो पहिला घाणा कायम कडक व्हायचा आणि तो नळावर पोरांना वाटून टाकायचे. पण कणकेत अंडं असायचं का नारळाचं दूध, यावर आई आणि मामाचं फोनवर भांडण सुरू आहे, मामाच्या मते आजी अंड्याला हात लावणं शक्यच नाही. मेलबर्नकर, त्या आजी अजून त्या विक्रीला येत असतील तर विचाराल का, भुसावळला शेजारणींना शिकवताना त्या लोकांत अंड्याऐवजी काय घालायचे?